मंगळवार तर एकच असतो ना?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "मे महिन्यात निवृत्त होतोय, तुझ्या त्या बालगुन्हेगारांसाठी माझा काही उपयोग होईल का?" मी "कळवतो" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर रात्रभर ते डोक्यात राहिलं. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस आपणहून वेळ देतोय आणि आपण त्याला "कळवतो" म्हणतो! म्हणून आज नीट बसून लिहितोय. पत्र लांबेल.

आधी त्या शब्दाबद्दल. 'बालगुन्हेगार' आमच्याकडे कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. मुलाला डाग लागेल असे शब्द वापरायचे नाहीत, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतच आहे. कागदोपत्री 'विधिसंघर्षग्रस्त बालक' लिहितात. मी आपला 'मुलगा' म्हणतो.

तू 'कोर्ट' म्हणालास, पण तिथे आलास तर ते कोर्ट वाटणार नाही. वाटू नये असाच नियम आहे. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी किमान एक स्त्री. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही. मुलाशी संबंध येणारे पोलीस साध्या कपड्यांत असायला हवेत. ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत मुलाला मंडळापुढे आणायचं, लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही. मग परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), ज्यांना आम्ही सगळे 'पीओ' म्हणतो, घरी जातात, शाळेत जातात, शेजारीपाजारी विचारतात आणि १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतात. हा अहवाल चांगला असेल तर पुढचं निम्मं काम सोपं होतं. मूल कुठे झोपतं, कुणाला घाबरतं, शाळा कोणत्या इयत्तेत आणि का सुटली, हे त्यातून कळतं. घाईत लिहिलेल्या अहवालात मात्र 'घरची परिस्थिती हलाखीची' एवढंच असतं. त्यावरून कुणाला काय करायचं ते समजत नाही.

चौकशी चार महिन्यांत संपवायची, सहसा फार तर आणखी दोन महिने. मग आदेश होतो. समज देऊन सोडता येतं, गट समुपदेशन, समाजसेवा सांगता येते, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर आईबापांच्या ताब्यात परिविक्षेवर देता येतं, विशेष गृहात ठेवता येतं. आणि त्याला जोडून एखादं वाक्य येतं: मुलाने शाळेत जावे, समुपदेशन घ्यावे, व्यसनमुक्ती कार्यक्रमास हजर राहावे. एका वाक्यात तीन क्रियापदं, आणि प्रत्येक क्रियापदाचं ऑफिस वेगळं. त्या ऑफिसांची सांगड घालणं हे माझं काम. बाहेरून पाहणाऱ्याला हे फोनाफोनीचं काम वाटतं. मलाही सुरुवातीची काही वर्षं तसंच वाटायचं.

मग एक मंगळवार आला.

पंधरा वर्षांचा मुलगा, आईच्या ताब्यात परिविक्षेवर. (नाव, गाव, शाळा यातलं काहीही मी कधी सांगणार नाही. कायद्याचं कलम ७४ आहेच, पण ते नसतं तरी सांगितलं नसतं.) सलग तीन आठवडे समुपदेशनाला आला नाही. व्यसनमुक्ती केंद्रातूनही 'अनियमित' असा शेरा आला. पीओंनी प्रगती अहवालाचा मसुदा केला, त्यात ओळ होती: 'मुलगा सहकार्य करत नाही.' तो कागद मंडळापुढे गेला असता तर मुलाला परत बोलावलं गेलं असतं, कदाचित घरातून हलवलंही असतं.

त्याच दिवशी त्याची आई आली. खुर्चीवर बसली नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून पाच चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या टेबलावर एकेक करून हाताने सपाट करत मांडल्या. पाच हस्ताक्षरं. समुपदेशन मंगळवारी अकराला. व्यसनमुक्ती केंद्र मंगळवारी साडेदहाला, तेही गावाच्या दुसऱ्या टोकाला. कौशल्य प्रशिक्षणाचा वर्ग सोमवार-मंगळवार. पीओंकडे हजेरी, मंगळवारी दुपारी. पाचवी चिठ्ठी मंडळाच्या पुढच्या तारखेची. ती म्हणाली, "सर, मंगळवार तर एकच असतो ना?"

आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखर विचारायचं होतं की यातलं कुठलं सोडलं तर चालेल. पाचपैकी दोन चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या. मुलगा दर मंगळवारी कुठेतरी जात होता. फक्त जिथे गेला नाही तिथेच त्याच्या नावापुढे शेरा पडत होता.

तो मसुदा आम्ही मागे घेतला. त्या आठवड्यापासून प्रत्येक मुलाचा एकच तक्ता ठेवायला लागलो, एका पानाचा. त्यात वार, वेळ, ठिकाण, जायला किती वेळ लागतो, सोबत कोण येणार. घरच्यांच्या हातात तोच कागद. कुणालाही नवीन काही सांगायचं असेल तर आधी त्या पानावर जागा आहे का ते बघायचं. दर शुक्रवारी पीओ, समुपदेशक, निरीक्षणगृहातले (पूर्वी रिमांड होम म्हणायचे ते) शिक्षक आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे सामाजिक कार्यकर्ते असे अर्धा-पाऊण तास बसतो आणि पानं उलटतो.

यात भांडणंही झाली. समुपदेशक म्हणाल्या, मुलाने मला विश्वासाने सांगितलेलं मी या टेबलावर ठेवणार नाही. त्यांचं बरोबर होतं. मग ठरलं, टेबलावर फक्त तीन गोष्टी येतील: आला का, नसेल तर कशाने अडला, पुढची वेळ कोणती. आत काय बोलणं झालं ते त्या खोलीतच. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगतो. त्याआधी तीच हकीकत तो पोलिसांना, पीओंना, मंडळाला, समुपदेशकांना आणि केंद्रातल्या डॉक्टरांना अशी पाचदा सांगत होता, आणि दर वेळी थोडी थोडी बदलत होता. ते खोटं बोलणं नसतं रे. तेच तेच सांगून मूल दमतं.

आणखी एक गोष्ट, जी पटायला मला वेळ लागला. जास्त कार्यक्रम म्हणजे जास्त मदत असं नसतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ मध्ये एक प्रयोग सुरू झाला, केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास म्हणतात त्याला. पाचशेवर मुलगे, निम्म्यांना काही वर्षं समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. उरलेल्यांना काहीच नाही. तीसेक वर्षांनी जोआन मॅककॉर्ड यांनी त्या सगळ्यांचा माग काढला, तर मदत मिळालेले पुढे सरस निघाले नाहीत. काही बाबतींत मागेच होते. पुढे त्यांना दिसलं की पुन्हा पुन्हा शिबिराला गेलेल्यांचं जास्त बिघडलं होतं. अडचणीतली मुलं एकत्र आणून बसवली की ती एकमेकांकडूनही शिकतात. हे वाचल्यापासून पहिल्यांदाच आलेल्या, घरात धाक आणि माया दोन्ही असलेल्या मुलाला मी चार ठिकाणी अडकवत नाही. समज, शाळा आणि महिन्यातून एक भेट, एवढ्यावर सोडावं असं आग्रहाने मांडतो. तक्त्यातून नाव खोडणं हेही सांगड घालण्यातच येतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं? व्यसनमुक्ती दुसऱ्या मोकळ्या वारी नेली, समुपदेशन प्रशिक्षणाच्या जागेवरच घ्यायला लागलो. मग शाळेचं बघितलं. सातवीत शाळा सुटलेली, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं ठरलं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला हवा. जुन्या शाळेने दाखला द्यायला इतके हेलपाटे घालायला लावले की फॉर्मची मुदत संपत आली. शेवटी पीओ स्वतः मोटारसायकलवर गेल्या, दुपारभर शाळेच्या कार्यालयात बसून राहिल्या आणि दाखला घेऊनच आल्या. त्या दाखल्याने जे झालं ते आमच्या दहा सत्रांनी झालं नसतं. "माझं नाव आहे यावर," म्हणत पोरगं तो कागद उलटसुलट करून बघत होतं.

परीक्षेत सगळे विषय सुटले, गणित राहिलं. फेरपरीक्षेच्या आशेवर होतो, पण तोवर परिविक्षा संपली, घरच्यांनी गाव बदललं. गणिताला त्याच्याशेजारी बसणारं आमच्याकडे कुणी नव्हतं, ही बोच अजून आहे. म्हणून तुझा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा तो दाखला आठवला.

तेव्हा ऐक. तुझ्याकडून मला व्याख्यान नको, शिबिर नको, वह्यावाटप तर मुळीच नको. एक मुलगा, आठवड्यातून एक दिवस, दीड तास, निदान वर्षभर. तीन महिन्यांनी तू आला नाहीस तर त्याच्या आयुष्यातून न सांगता निघून गेलेल्या माणसांत आणखी एकाची भर पडेल. वर्ष जमणार नसेल तर आत्ताच नाही म्हण, मी मनावर घेणार नाही. त्याने काय केलं ते विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगितलंच तर ऐकून घ्यायचं. काळजी वाटण्यासारखं काही कानावर आलं तर मला सांगायचं, बाकी कुणाला नाही.

पोलीस पडताळणीचा अर्ज सोबत ठेवलाय. भरून दोन फोटोंसह पाठव, मंडळाची परवानगी मी बघतो. वेळ लागेल, म्हणून निवृत्तीची वाट न बघता आत्ताच पाठव. वार शनिवार ठेवलाय, तक्त्यात त्या दिवशी दुसरं काही नाही.

ज्याच्याशेजारी तू बसशील तो मुलगा अपूर्णांकाला अडतो. तिथून सुरू कर.

तुझा,
जुना खोलीसोबती