पंचगंगेवरचा पहारा थांबू नये म्हणून

सर्व सभासद, हितचिंतक आणि समस्त कोल्हापूरकरांना सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला आहे. राजाराम बंधाऱ्यामागे पाणी थबकलं की केंदाळ (जलपर्णी) पसरायला वेळ लागत नाही, आणि नेमकी याच वेळी, पंचगंगेचं पाणी तपासणाऱ्या आपल्या मंडळाच्या पेटीतली रसायनं संपत आली आहेत. म्हणून हे घाईने लिहीत आहे.

आधी ज्यांचं देणं आहे त्यांच्याबद्दल. पहिल्या काचेच्या बाटल्या लक्ष्मीपुरीतल्या आपल्या व्यापारी मित्रांनी वर्गणी काढून दिल्या, पावतीसुद्धा नको म्हणाले. गंगावेशीतल्या काकूंनी पेन्शनमधून ब्युरेट (थेंबाथेंबाने द्राव मोजून सोडायची काचेची नळी) आणि स्टँड घेऊन दिला. आणि रसायनशास्त्राचे आपले निवृत्त सर! आठवीतल्या पोरांना त्यांनी घाटावर उभं राहून शिकवलं: बुडबुडा न येऊ देता बाटली भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. तळाशी बसणारा साका तपकिरी असला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. जयंती नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत पांढरा साका बसला तेव्हा एक पोरगी एवढंच म्हणाली, "सर, मग मासे कुठं जाणार?" त्या दिवसापासून ती पोरं या कामाला जोडली गेली ती कायमची. सरांचे उपकार मंडळ विसरणार नाही.

शहराचं मैलापाणी जयंती नाल्यावर अडवून पंपाने कसबा बावड्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नेलं जातं. तिथे जाळीत कचरा अडतो, वाळू खाली बसते, मग टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववून घेतात आणि गाळ बसला की वरचं पाणी सोडतात. तीच घाण थेट नदीत गेली तर जिवाणू आपलं काम तिथेच करतात, पण नदीतला प्राणवायू संपवून. खाली शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याला मासे मरून वर येतात त्यामागे असा संपलेला प्राणवायूही असतो. बावड्याचं केंद्र दिवसाला 76 दशलक्ष लिटरचं, दुधाळीचं 17 चं. पण पाणी तिथवर पोहोचलं तरच त्याचा उपयोग. वीज गेली किंवा पंपात चिंध्या अडकल्या की नाला त्याच्यावरच्या बंधाऱ्यावरून उसळून नदीत. जाळीतून काय निघतं ते एकदा येऊन बघा: दुधाच्या पिशव्या, गादीचा कापूस, नारळाच्या शेंड्या, सॅनिटरी पॅड. हे सगळं आपल्याच घरांतून आलेलं आहे.

नाला उसळला की लगेच नमुना घ्यायचा, फोटो काढायचा, लेखी तक्रार द्यायची, हे काम आपण करतो. तारीखवार नोंदी असल्या की कोणाला "असं काही झालंच नाही" म्हणता येत नाही. ही वही आपल्या मंडळाची खरी कमाई आहे.

गेल्या वर्षीही हाक दिली होती. ग्रुपवर अंगठे भरपूर आले, घाटावर मात्र तीच नेहमीची माणसं. मनाला लागलं, ते लपवत नाही. काळम्मावाडी धरणाचं पाणी नळाला आलं, आता नदीशी आपला काय संबंध, असंही ऐकावं लागलं. अहो, खाली शिरोळपर्यंतची गावं याच नदीवर जगतात! 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, माणसं गेली. इतक्यात विसरलो?

गरज अशी: रसायनं, बाटल्या, प्राणवायू मोजायचं एक मीटर आणि प्रयोगशाळेची फी मिळून साधारण 40 हजार रुपये. रोख किंवा चेक, कमीजास्त कितीही चालेल, पावती मिळेल. पैसे जमत नसतील तर आठवड्यातला एक तास द्या. दुचाकी असलेले चौघे तातडीने हवेत. जुनी बर्फपेटी असेल तर तीही द्या, नमुने थंड न्यावे लागतात. दर रविवारी सकाळी 8 वाजता पंचगंगा घाटावर भेटू, किंवा सायंकाळी मंडळाच्या खोलीवर या. नावं या महिनाअखेरपर्यंत द्यावीत.

आपला,
सचिव