बेलोनेसॉक्सला नळीवरचा घास घ्यायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सादर नमस्कार.

बेलोनेसॉक्स, म्हणजे पाइक लाइव्हबेअरर पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांवर तुमचे जे उपकार आहेत, ते जाहीरपणे सांगायला हवेत म्हणून हे पत्र. गप्पी या छोट्या माशाच्या कुळातला हा सर्वांत मोठा मासा. मादी २० सेंटिमीटरच्या आसपास जाते, नर १२ पर्यंत. पाणवनस्पतींत काडीसारखा निश्चल राहून तो झडप घालतो, म्हणून त्याला जिवंत मासेच घालावे लागतात, असं जो तो सांगतो. ते तसं नाही, हे तुम्ही पायरीपायरीने दाखवलंत.

प्रौढ, अंगाने भरलेल्या माशाला दोन-तीन दिवस उपास. (पिल्लांना उपास कधीच नाही, हे तुम्ही दर वेळी बजावता.) मग नुकताच मेलेला गप्पी टाकीच्या हवापंपाला लावतात त्या पारदर्शक नळीच्या टोकाला खोचायचा आणि माशाच्या तोंडासमोरून, साधारण १० सेंटिमीटर अंतर राखून, आडवा न्यायचा. समोरून अंगावर येतो तो शत्रू, बाजूने निसटतो तो घास. नळी सरळ तोंडाशी नेली की मासा मागे का सरतो, हे या एका वाक्याने उलगडलं. गप्पी घेऊ लागला की पांढऱ्या मांसाच्या माशाची दोन सेंटिमीटरची पट्टी, आणि शेवटी तीच पट्टी फिल्टरच्या प्रवाहात सोडायची. १५ मिनिटांत खाल्लं नाही तर बाहेर काढायचं. काही मासे आठवड्यात शिकतात, काहींना महिना लागतो. प्रौढांना दिवसाआड खाणं पुरे.

स्वस्त गोल्डफिश घालू नका, हा तुमचा आग्रह तर सोन्यासारखा. त्यांच्या अंगात थायामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते ब जीवनसत्त्वांपैकी बी-१ नष्ट करतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लं की मासा तोल सावरू शकत नाही. गोठवल्याने हे विकर मरत नाही. काही प्रकारच्या कच्च्या कोळंबीतही ते असतं, म्हणून खाण्यात फेरपालट हवाच. शिवाय दाटीवाटीने ठेवलेल्या फीडर, म्हणजे खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि जंत टाकीत येतात, ते वेगळंच.

टाकीबद्दलही तुमचं बोलणं नेमकं असतं. १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर, पाणी कठीण, पीएच ७.५ ते ८, तापमान २६ ते २८ अंश. मांसाहारामुळे अमोनिया लवकर वाढतो, तेव्हा दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. मागच्या आणि बाजूच्या काचा काळ्या कागदाने झाकायच्या, कारण घाबरलेला मासा सरळ काचेवर आदळतो आणि चोचीसारख्या जबड्याचं टोक फुटतं. तिथे बुरशी धरली की खाणंच थांबतं. म्हणून आधी खोलीतला दिवा, २० मिनिटांनी टाकीतला. झाकणातल्या नळ्यांच्या भोकांत स्पंज कोंबायचा, कारण हे मासे त्या फटींतूनही उडी मारतात.

पिल्लांसाठी तुमचे विशेष आभार. भुकेली मादी नरालाही गिळते, म्हणून तुम्ही नराला एरवी वेगळ्या टाकीत ठेवायला सांगता. गाभण मादी साधारण महिना-सव्वा महिन्याने विते. पिल्लं जन्मतःच दोन सेंटिमीटरची, पहिल्या दिवसापासून डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव टिपणारी. वाढीचा वेग सारखा नसतो आणि मोठं पिल्लू लहान्याला खातं, तेव्हा दर चार दिवसांनी आकाराप्रमाणे तीन टाक्यांत वेगळी करायची. हे तुम्ही सांगण्याआधी पिल्लं नाहीशी होण्याचा दोष फिल्टरवर यायचा. आता त्याच्या तोंडाला स्पंजही असतो आणि पिल्लंही उरतात.

तुमचे ऋणी,
बेलोनेसॉक्स पाळणारे आम्ही सारे