गाडी वेळेत आली, पण पेशंटबरोबर कोण होतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आपत्कालीन वैद्यकीय सेवेत उतरलेल्या तरुण उद्योजकांवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि या क्षेत्रात कुणी पाय रोवून उभं राहतंय याचं मला कौतुकच आहे. मात्र सगळा भर एकाच गोष्टीवर होता, गाडी किती मिनिटांत येते. जानेवारी 2025 मध्ये दहा मिनिटांत किराणा घरपोच देणाऱ्या ब्लिंकिटने गुरुग्रामला पाच रुग्णवाहिका रस्त्यावर आणल्या, तेव्हापासून ‘दहा मिनिटं’ सगळ्यांच्या तोंडी बसलंय. माझी बहुतेक नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात गेली, शेवटची वर्षं परिसेविका म्हणून. रुग्णवाहिका दारात लागली की आम्ही काय बघतो, हे या लेखात कुठेच आलं नाही, म्हणून हे पत्र.

2005 च्या आधीचं चित्र आजच्या मुलांना माहीत नाही. पेशंट यायचे टॅक्सीने, पोलिसांच्या जीपमधून, नाहीतर स्टेशनवरून हमालांनी उचललेल्या स्ट्रेचरवर. पद्मिनी टॅक्सीच्या मागच्या सीटवर दुमडून बसवलेला माणूस, मान एका बाजूला पडलेली, तोंडाला फेस. आमचे वॉर्डबॉय काखेत हात घालून त्याला ओढून बाहेर काढायचे. त्या ओढाताणीत मानेच्या मणक्याचं काय होत असेल हे आम्हाला समजत होतं, पण टॅक्सीतून दुसरं कसं काढणार? मंडळांच्या, ट्रस्टच्या, पुढाऱ्यांच्या नावाच्या रुग्णवाहिका होत्याच की. आत एक बाकडं, एक स्ट्रेचर आणि पुढे ड्रायव्हर. आमच्या टेबलापाशी येऊन अशा गाडीचा नंबर मागणारे बहुतेक जण मयत गावाला न्यायची म्हणून मागायचे.

अशा मुंबईत श्वेता मंगल, रवी कृष्णा, शफी माथेर, नरेश जैन आणि मनीष संचेती यांनी झिकित्झा हेल्थ केअर ही कंपनी उभी केली आणि 1298 हा रुग्णवाहिकेचा नंबर सुरू केला. एका मध्यरात्री माथेर यांच्या आईला श्वास घेता येईना, तेव्हा हाताशी काहीच नव्हतं. उलट एका मित्राची आई न्यूयॉर्कमध्ये कोसळली तर एका फोनवर गाडी हजर झाली. यातून ही कल्पना निघाली. ही हकीकत आता बरीच सांगितली जाते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांनी भाड्याचा काढलेला तोडगा, आणि तुमच्या लेखात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

तोडगा असा होता. कुठल्या हॉस्पिटलला जायचं, यावर भाडं. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाचं नाव घेतलं की कमी, मोठ्या खासगी हॉस्पिटलचं घेतलं की पूर्ण. अपघातातला किंवा रस्त्यावर एकटा बेशुद्ध सापडलेला पेशंट असेल तर काहीच नाही. म्हणजे खासगीत जाणारा कळत-नकळत सायनच्या पालिका रुग्णालयात जाणाऱ्याचा थोडा भार उचलायचा. याचं मोल कळायला कॅज्युअल्टीत उभं राहिलेलं असावं लागतं. आमच्याकडे सवलत हवी तर उत्पन्नाचा दाखला आणा, रेशनकार्ड पिवळं आहे की केशरी ते दाखवा, समाजसेवा अधीक्षकांची सही आणा, आणि त्या वेळी पेशंट ट्रॉलीवर तळमळतोय. ज्याच्या घरात माणूस कोसळलाय त्याला स्वतःची गरिबी सिद्ध करायला न लावता भाडं ठरवणं, हे त्या पाच जणांचं सर्वांत मोठं काम आहे असं मी समजते. मोबाइलवर गाडी नकाशात सरकताना दिसते, तीही सोय हवीच. पण ही अक्कल तिच्या फार पुढची आहे.

2007 मध्ये समाजोपयोगी उद्योगांत पैसे गुंतवणाऱ्या अ‍ॅक्युमेन फंडाने या कंपनीत 15 लाख डॉलर घातले, तेही भागभांडवल म्हणून. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, मुंबईवरच्या हल्ल्यात, याच कंपनीच्या पिवळ्या गाड्या जखमींना उचलायला धावल्या. त्या रात्रीनंतर पिवळी गाडी दिसली की लोक बाजूला होऊ लागले, निदान काही दिवस तरी.

पुढचा प्रवास मात्र वेगळ्या वाटेने गेला आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तो नीट अभ्यासावा. 15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबादेत सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजू यांनी ईएमआरआय या संस्थेची 108 रुग्णवाहिका सेवा सुरू केली. पेशंटला पूर्ण फुकट, आणि पुढे खर्च मुख्यतः राज्य सरकारचा. 2009 मध्ये सत्यमचा घोटाळा उघडकीला आला, राजू तुरुंगात गेले, तरी 108 बंद पडली नाही. सरकारी पैसा चालू होता, जीव्हीके या उद्योगसमूहाने धुरा घेतली आणि गाड्या धावत राहिल्या. मग सगळ्यांनाच राज्यांच्या निविदांचा रस्ता दिसला. झिकित्झाही पंजाब, राजस्थान, ओडिशात गेली. राजस्थानच्या कंत्राटाची तर सीबीआय चौकशी झाली. आपल्याकडे 2014 मध्ये 937 गाड्यांची 108 आली, 233 अतिदक्षतेच्या सोयींसह आणि 704 प्राथमिक सोयींच्या. ती चालवायला घेतली रहिमतपूरच्या हणमंतराव गायकवाडांच्या बीव्हीजीने, साफसफाई आणि देखभालीच्या कामातून वर आलेल्या कंपनीने. प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे महाराष्ट्राने केलं आणि ते चांगलंच केलं. घाटातल्या बाळंतिणीला 108 ने वेळेत आणलं अशा बातम्या तुम्हीच छापता.

पण कंत्राट घेतलं की उद्योजकाचं गिऱ्हाईक बदलतं. पैसे देणारा आता आरोग्य विभाग असतो. निविदेत जे मोजायचं म्हणून लिहिलंय ते मोजलं जातं: किती गाड्या, किती किलोमीटर, फोन आल्यापासून किती वेळात पोहोचली. बिल अडकलं की गाडीवरच्या मुलांचा पगार अडकतो. पेशंट आमच्या हवाली कोणत्या अवस्थेत झाला, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

तेच सांगण्यासाठी लिहायला बसले आहे. एक गाडी यायची, मागचं दार उघडायचं आणि आतला मुलगा स्ट्रेचर ढकलता ढकलता बोलायला लागायचा: “सिस्टर, पुरुष, वय साठच्या आसपास, पाऊण तासापासून छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ, शुगरचा पेशंट आहे, अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, बीपी वाटेत दोनदा बघितलं, दुसऱ्यांदा कमी लागलं.” हातात कागद, त्यावर वेळा टाकलेल्या. तो बोलत असताना माझी स्टाफ ईसीजीच्या तारा लावत असायची, सीएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, टेबलावरून उठलेले असायचे. विचारपूस अर्धी झालेली.

दुसरी गाडी यायची तीही तशीच चकचकीत, वर तसाच दिवा. दार उघडलं की मुलगा विचारायचा, “सिस्टर, कुठे ठेवू?” पेशंट कधीपासून बेशुद्ध? माहीत नाही. काही औषध? माहीत नाही, नातेवाइकांना विचारा, ते मागून रिक्षाने येतायत. अशाच एका खासगी गाडीतून दम लागलेल्या आजी आल्या होत्या. नाकातोंडावर मास्क नीट बसवलेला, नळी सिलिंडरला जोडलेली, आणि सिलिंडरचा काटा शून्यावर. ओठ निळे पडलेले. सोबत आलेला मुलगा विशीचा असेल. त्याला काटा बघायचा असतो हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. आजींना आम्ही आमच्या ऑक्सिजनवर घेतलं, त्या वाचल्या. त्या मुलावर मी चिडले नाही. राग आला तो त्याला गाडीत बसवून पाठवणाऱ्यांचा.

गाड्यांसाठी आज एआयएस 125 हे मानक आहे. कुठल्या प्रकारच्या रुग्णवाहिकेत काय असलं पाहिजे ते त्यात लिहिलेलं आहे. गाडीतल्या माणसासाठी 2021 चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आहे, त्यात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला स्थान मिळालंय. कागदावर दोन्ही बाजू आल्या. पण पैसा उभा करणाऱ्याच्या मुलाखतीत गाडीवर आणि अ‍ॅपवर किती बोललं जातं आणि तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणावर किती, हे तुमचा लेख परत वाचून बघा.

भाड्याबद्दलही. सप्टेंबर 2020 मध्ये, कोविड ऐन भरात असताना, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवायला सांगितलं होतं. त्या काळात जवळच्या जवळ नेण्यासाठी लोकांनी दागिने मोडलेले मी ऐकले आहेत. दर ठरले, परिपत्रकं निघाली, पण रात्री दोन वाजता गेटबाहेर उभ्या गाडीशी घासाघीस करणाऱ्या मुलाला परिपत्रकाचा काय उपयोग? दर गाडीच्या दारावर रंगवलेला हवा, रिक्षाच्या मीटरइतका ठळक. आणि त्याच गेटवर काही ड्रायव्हर “इथे बेड नाही, मी चांगल्या ठिकाणी नेतो” म्हणून पेशंट परस्पर ठरावीक नर्सिंग होमला फिरवतात, त्याचे पैसे त्यांना मिळतात, हे कॅज्युअल्टीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नव्या कंपन्यांनी आपल्या ड्रायव्हरांना हॉस्पिटलकडून एक रुपया घेता येणार नाही असं लेखी जाहीर करावं. जी कंपनी हे करेल तिचं नाव मी स्वतः शेजारीपाजारी सांगत फिरेन.

महापालिका आणि आरोग्य विभागाकडे एकच मागणी आहे. पुढच्या कोणत्याही कंत्राटात रुग्ण हवाली करतानाचा कागद सक्तीचा करा: वेळा, बीपी, ऑक्सिजन, दिलेली औषधं, आणि खाली कॅज्युअल्टीतल्या सिस्टरची सही. तो कागद नसेल तर त्या फेरीचं बिल काढू नका. उद्योजक चांगला असेल तर त्याला हे जड जाणार नाही, कारण त्याची मुलं हे आधीपासून करत असतील.

आणि आपल्याला विनंती. पुरवणीचा पुढचा भाग काढाल तेव्हा एखाद्या तंत्रज्ञाबरोबर त्याच्या रात्रपाळीला तुमचा बातमीदार बसवा. त्याला पगार किती, शिकवलं कुणी, सिलिंडर कोण भरतं, पेशंट वाटेत गेला तर तो पुढची फेरी कशी करतो, हे सगळं छापा. माझ्या ओळखीची अशी दोन-तीन मुलं अजून या कामात आहेत. तुमचा होकार आला तर मी त्यांच्याशी बोलून ठेवते.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिसेविका,
डोंबिवली (पूर्व)