ठेका एकाला, काम तिसऱ्याकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी भुसावळचा. रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात कंत्राटदारांची बिले तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. दुसऱ्यांच्या बिलात रुपया-रुपयाची चूक काढणारा मी, स्वतःच्या घराचे काम काढले तेव्हा मात्र व्हिजिटिंग कार्डामागे पेनाने लिहिलेल्या आकड्यावर विसंबून राहिलो. सौ. हे आल्यागेल्याला ऐकवतेच, म्हणून आपणच आधी सांगून टाकावे.

काम फार मोठे नव्हते. गच्चीचा जुना कोबा काढून नवा घालायचा आणि खालचे बाथरूम नव्याने करायचे. 2 लाख 10 हजारांना ठरले. सव्वा लाख ठेकेदाराने मार्चमध्येच उचलले. नंतर कळले की गच्ची त्याने एका पोटठेकेदाराला दिली, फरशी दुसऱ्याला आणि नळकाम तिसऱ्याला. कळले म्हणजे कुणी सांगितले असे नव्हे. सकाळी दारात नवा चेहरा उभा राहिला की आपण समजायचे. कोबा फोडून झाला आणि माणसे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेली. सण आहे, जावेच. पण पंधरा दिवस राडारोडा गच्चीवर पडून होता आणि फोन केला की उत्तर एकच, "दादा, सकाय येस." हे सकाय, म्हणजे उद्या, कोणत्या तारखेला येते, ते पंचांगात नाही.

बाथरूम तयार झाल्यावर मी तांब्याभर पाणी ओतून पाहिले. पाणी जाळीकडे जायचे सोडून सावकाश उंबरठ्याकडे निघाले. फरशीवाला म्हणाला, "जाळी त्याने वर बसवली." प्लंबर म्हणाला, "माझी लेव्हल बरोबर होती, फरशी यानेच खाली घेतली." ठेकेदार फोनवर म्हणाला, "भाऊ, ती दोघं आपसात बघून घेतील." आज चार महिने झाले, ती दोघे आपसात बघत आहेत आणि आम्ही आंघोळ झाली की खराट्याने पाणी जाळीकडे लोटतो.

गच्चीची गोष्ट याहून वाईट. उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीट निदान 10 दिवस ओले ठेवावे, आणि पीपीसीसारखे (राख वगैरे मिसळलेले) मिश्र सिमेंट असेल तर 14 दिवस, असे आयएस 456 हे भारतीय मानक सांगते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास. कोबाही सिमेंटचाच, त्याला वेगळा नियम कुठून असणार? पण पोटठेकेदाराला पैसे चौरस फुटावर मिळतात, पाणी मारायचे मिळत नाहीत. तो कोबा घालून दुसऱ्या साइटवर गेला. नळाला पाणी रोज नाही, म्हणून टँकर मागवून सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघे म्हातारे गोणपाट भिजवत होतो. तरी भेगा पडल्याच. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात हॉलच्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागली.

एक चूक माझी. फरशीवाला एके दिवशी दारात आला. ठेकेदाराने त्याला माझ्या पैशातले फारसे काही दिलेच नव्हते. पोराच्या शाळेची फी भरायची म्हणाला, मी 5 हजार हातावर ठेवले. त्यावर ठेकेदाराने मलाच सुनावले, "तुम्ही परस्पर व्यवहार केला, आता त्या कामाचं माझ्यावर नाही." फरशीवाल्यावर माझा राग नाही. तोही त्या सव्वा लाखाच्या मागेच फिरत होता.

रेल्वेत लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देता येत नसे, आणि देखभालीची मुदत संपेपर्यंत कंत्राटदाराची अनामत अडकलेली असे. नव्या फ्लॅटच्या बांधकामातील दोषासाठी रेरा कायद्याने बिल्डरला ताब्यापासून 5 वर्षे बांधून ठेवले आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीला काय? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जळगावच्या जिल्हा आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. 1915 या हेल्पलाइनवर मी फोन केला. पहिला प्रश्न आला, कागद काय आहे? माझ्याकडे ते व्हिजिटिंग कार्ड.

म्हणून विनंती अशी की आपल्या दैनिकाने साध्या मराठीत एका पानाच्या करारनाम्याचा नमुना छापावा. काम कोण करणार त्याचे नाव, आणि ते कुणीही केले तरी जबाबदार ठेकेदारच, हे त्यात हवे. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यायचे. गच्चीचा शेवटचा हप्ता तर पाण्याची तोंडे बुजवून दोन दिवस पाणी साठवून पाहिल्याशिवाय सोडायचा नाही. खान्देशात गच्चीची कामे उन्हाळ्यात होतात आणि पाऊस येईपर्यंत ठेकेदाराचा फोन बंद झालेला असतो. चांगले ठेकेदार अशा कागदावर खुशाल सही करतील. दोघांना विचारून पाहिले, एकाने लगेच होकार दिला. दुसरा चहा अर्धा टाकून उठला.

नमुना जरा लवकर छापावा. स्वयंपाकघराचा ओटा दिवाळीआधी करायचा आहे आणि या वेळी सही झाल्याशिवाय सौ. कपाटाची किल्ली देणार नाही.

आपला,
एक वाचक, भुसावळ