पाच वर्षे थांबायचे कोणी?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला मधुमेह आणि नसांवरचा लेख वाचला. ‘निदानानंतर पहिली पाच वर्षे पायांच्या तपासणीची गरज नसते’ हे वाक्य चौकटीत, ठळक टाइपात छापून आपण वाचकांची मोठीच सोय केलीत. ज्यांनी आजच दवाखाना गाठायला हवा, तेही आता निवांत बसतील.

पाच वर्षांचा नियम टाइप १ चा आहे. त्यात इन्सुलिन बहुधा झपाट्याने आटते, माणूस वाळतो, तहानेने हैराण होतो. आजार कधी लागला हे घरचे जवळपास नेमके सांगतात. टाइप २ मध्ये शुगर काही वर्षे गुपचूप वाढलेली असते आणि सापडते ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत. फाइलवर पहिला दिवस, नसांच्या हिशेबी कितवे वर्ष कोणास ठाऊक! म्हणून टाइप २ मध्ये पाय निदान झाले की लगेच तपासायचे आणि मग दरवर्षी. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण टाइप २ चे. नियम मात्र छापलात उरलेल्यांचा.

शिवाय ‘टाइप २ त्या मानाने सौम्य’ असा सूर आहेच. अमेरिकेतल्या ‘सर्च’ पाहणीत लहान वयात मधुमेह जडलेल्यांचे पाय तपासले गेले. टाइप १ मध्ये ७ टक्के जणांच्या नसा बिघडलेल्या निघाल्या, टाइप २ मध्ये २२ टक्के. याला सौम्य म्हणायचे तर म्हणा. शुगर काटेकोर ठेवली तर टाइप १ मध्ये नसांचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे १९९३ पासून माहीत आहे. टाइप २ मध्ये नुसत्या शुगरवर एवढे भागत नाही. वजन, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) हेही बघावे लागते. त्यातून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे चालू आणि माणूस शाकाहारी असेल, तर बी१२ जीवनसत्त्व कमी पडूनही पायांना मुंग्या येतात. ते न तपासता ‘शुगरच्याच मुंग्या’ म्हणून मोकळे होऊ नये.

तपासणीबद्दल लेखात एकच ओळ: ‘डॉक्टर पायाला दोरा लावून बघतात.’ दोरा नव्हे हो, १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू. आधी हातावर टेकवून दाखवायचा. मग रुग्णाने डोळे मिटायचे आणि तंतू अंगठ्याच्या टोकावर, चवड्यावर सरळ दाबायचा. वाकला की सेकंदभर थांबून उचलायचा. घट्ट्यावर लावला तर धडधाकट माणसालाही कळत नाही. दर वेळी ‘आता लागलं?’ विचारले की समोरचा आपसूक ‘हो’ म्हणतो. सोसायट्यांमधल्या मोफत शिबिरांत नेमके हेच चालते. वर एकच तंतू सकाळपासून रांगेतल्या सगळ्यांना. तो मऊ पडतो, १० ग्रॅमच्या आधीच वाकतो आणि चांगल्या पायांवरही ‘संवेदना कमी’ असा शेरा बसतो. थरथर कळते का हे बघायला पायाच्या अंगठ्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) लावायचा असतो, तो तर शिबिरात कोणी आणतच नाही.

आणि त्याच पानावर घरगुती उपाय: ‘रात्री सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसा.’ सोसेल इतक्या, हे ठरवणार कोण? ज्या पायाला चटका कळत नाही, तो पाय? असे पाय बुडवून बसूच नये. धुताना पाण्यात आधी कोपर घालून बघावे, नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात हिंदमातासारख्या सखल भागात तुंबलेल्या पाण्यातून घरी आल्यावर तळवे आरशात बघावेत. न दुखणाऱ्या जखमेतूनही लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू शिरतात.

या उपायाच्या खालीच पाय चोळणाऱ्या यंत्राची पाव पान जाहिरात आहे. हा योगायोगच असणार, मी काही म्हणत नाही. दुरुस्ती मात्र तेवढ्याच चौकटीत आणि त्याच टाइपात छापा, शब्दकोड्याच्या खाली नको.

– एक वाचक, परळ