एकटीच्या पहिल्या क्रूझआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

एकटीने क्रूझला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. बुकिंग करायच्या आत पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून लगेच लिहायला बसले. जहाजावर जेवण, झोप, करमणूक, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणं, सगळं कोणीतरी बघत असतं, म्हणून एकट्या माणसाला हा प्रवास सोपा जातो. पण केबिनमध्ये सोबत असली की काही कामं न सांगता होऊन जातात. कोणी वेळेची आठवण करतं, कोणी आजारपणात डॉक्टरला फोन लावतं, आणि तू परतली नाहीस तर ते कोणाच्या तरी लक्षात येतं. या कामांची सोय तुला आधीच लावून ठेवायची आहे.

भाड्यापासून सुरुवात करते. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, पण एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटीने केबिन घेतलीस की रिकाम्या जागेचंही भाडं भरावं लागतं. त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. पुष्कळदा ते पूर्ण १०० टक्के असतं, म्हणजे दोघांचं भाडं एकटीच्या माथी. जहाज भरत नसेल तेव्हा ते बरंच खाली येतं. बंदराचे कर आणि रोजची टिप मात्र सहसा माणशी लागते. म्हणून नुसतं भाडं न बघता शेवटची एकूण रक्कम मागून घे आणि मगच तुलना कर. काही जहाजांवर एकट्यांसाठी वेगळ्या केबिन असतात. २०१० मध्ये नॉर्वेजियन एपिक हे जहाज आलं तेव्हा त्यावर साधारण १०० चौरस फुटांच्या अशा १२८ केबिन होत्या आणि फक्त त्या प्रवाशांसाठी एक सामाईक बैठकीची जागाही होती. अशा केबिन लवकर संपतात आणि दरवेळी स्वस्त पडतातच असं नाही. त्याच तारखेच्या साध्या आतल्या (बिनखिडकीच्या) केबिनचा सप्लिमेंटसकटचा आकडा शेजारी मांडून बघ. फरक थोडा असेल तर मी एकट्यांची केबिन घे म्हणेन, कारण त्या बैठकीत ओळखी आपोआप होतात.

पहिल्या वेळेला पाच ते सात रात्री पुरे. तीन रात्रींच्या फेरीत जहाज कळेपर्यंत उतरायची वेळ येते. जहाजही फार अवाढव्य नको. २०२४ मध्ये सुरू झालेल्या आयकॉन ऑफ द सीजवर ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. तिथे सकाळी गप्पा मारलेलं माणूस संध्याकाळी पुन्हा दिसेलच याची खात्री नाही. दोन-तीन हजारांचं जहाज असेल तर तिसऱ्या दिवशी चेहरे ओळखीचे होतात, आणि एकटीला त्याचा मोठा आधार असतो.

केबिन कुठे आहे हे तिच्या आकारापेक्षा महत्त्वाचं. लाटेवर जहाजाची दोन्ही टोकं सर्वांत जास्त वरखाली होतात आणि वरचे मजले जास्त झुलतात. म्हणून बोट लागायची भीती असेल तर मध्यभागी, खालच्या मजल्यावर घे. मग डेकचा नकाशा उघडून त्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघ. दोन्हीकडे केबिनच असाव्यात. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. थिएटर किंवा नाचाची जागा असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठोके ऐकू येतात. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा खडखडाट होतो आणि धक्क्याला लागताना जहाजाला बाजूला ढकलणारे पाण्याखालचे पंखे सुरू झाले की पलंग थरथरतो. शेजारच्या केबिनशी जोडणारं दार असलेली केबिन टाळ, त्या दारातून सगळं बोलणं ऐकू येतं. 'गॅरंटी' म्हणून स्वस्तात मिळते त्या केबिनची जागा कंपनी ठरवते, त्यामुळे ती या वेळी नको.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. वाटेतल्या प्रत्येक देशाचा व्हिसा तपास, तिथे उतरणार नसलीस तरीही. एखाद्या देशातून निघून जहाज पुन्हा तिथेच येणार असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो, आणि लोक चुकतात ते नेमकं इथे. कागद अपुरे निघाले तर जहाजावर चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. विमा घेताना तीन गोष्टी लेखी बघ: समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च, जहाज चुकल्याचा खर्च, आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो, त्याचं बिल तुझ्या खात्यावर चढतं. नेहमीची आरोग्य पॉलिसी समुद्रात चालतेच असं नाही.

ज्या बंदरातून चढायचं तिथे आदल्या दिवशी पोच. प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याआधी बंदराच्या अधिकाऱ्यांना द्यावी लागते, म्हणून चेक-इन साधारण तास-दीड तास आधीच बंद होतं. विमानाला उशीर झाला हे कारण तिथे चालत नाही.

चढायच्या दिवशी मोठी बॅग धक्क्यावर हमालाकडे जाते आणि केबिनच्या दाराशी कधीकधी रात्रीपर्यंत पोचते. पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेव. इस्त्री, केटल, मेणबत्ती नेऊ नकोस, तपासणीत काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्डही चालत नाही. जहाजाची वीजजोडणी घरासारखी नसते, त्यात तो तापून पेट घेऊ शकतो. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हूक नेलेस तर ओला टॉवेल, टोपी, पिशवी टांगायची सोय होते. न्हाणीघराच्या दारात उंबरठा उंच असतो. रात्री जहाज हलत असताना तिथे पाय अडकतो, म्हणून आतला दिवा लावून दार किलकिलं ठेव.

सुरक्षेची कवायत टाळू नकोस. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती २४ तासांत घेतली तरी नियमात बसायचं. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की ती धोक्याची सूचना. तुला जहाजाचं एक कार्ड मिळतं, तेच केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि खर्चाचं खातं. अशा वेळी जमायचं ठिकाण त्यावर छापलेलं असेल. पहिल्याच संध्याकाळी केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने चालत जा आणि दारापासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते मोजून ठेव. धुरात पाट्या दिसत नाहीत आणि लिफ्ट वापरायची नसते. खडबडून जागं झाल्यावर रस्ता विचारायला शेजारी कोणी नसेल.

बोट लागण्याचं औषध मळमळ सुरू झाल्यावर घेतलं तर पोटात टिकत नाही, ते आधी घ्यावं लागतं. मेक्लिझिनने झोप येते आणि दारूबरोबर ते चालत नाही. स्कोपोलामिनची पट्टी कानामागे किमान चार तास आधी लावायची, ती तीन दिवस चालते. पट्टीला हात लावल्यावर हात धू. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसतं. तुला यातलं काय चालेल ते आपल्या डॉक्टरला विचारून ठरव. त्रास वाटला तर केबिनमध्ये पडून राहू नकोस. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत उभी राहा, क्षितिजाकडे बघ आणि थोडं कोरडं काहीतरी खा, रिकाम्या पोटी जास्त ढवळतं. जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने जात असेल तर वारा नसलेल्या दिवशीही डेकवर तेवढा वारा लागतो. एक जाकीट हवंच.

दुसरा त्रास जुलाब-उलट्यांच्या साथीचा. ती बहुधा नोरोव्हायरस नावाच्या विषाणूची असते आणि त्यावर सॅनिटायझर फारसं काम करत नाही. जेवणाआधी साबणाने २० सेकंद हात धू. उलट्या सुरू झाल्या तर लपवू नकोस, लगेच दवाखान्याला फोन कर. दोनेक दिवस केबिनमध्ये बसवतील, पण पाणी आणि जेवण दारात येईल आणि कोणीतरी रोज चौकशी करेल. एकट्या माणसाला आजारात हेच हवं असतं. तो फोन नंबर पहिल्याच दिवशी पलंगाशेजारी लिहून ठेव.

जेवणाच्या दोन पद्धती असतात, ठरलेल्या वेळेला ठरलेलं टेबल किंवा हवं तेव्हा. तू पहिली घे आणि सहा-आठ जणांचं टेबल माग. पहिल्या रात्री मंडळी जमली नाहीत तर त्याच रात्री डायनिंग हॉलच्या प्रमुखाला टेबल बदलून दे म्हणून सांग. त्या दिवशी ते सहज होतं, पुढे अवघड होत जातं. कार्यक्रमपत्रिकेत एकट्या प्रवाशांचा मेळावा असतो, बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या संध्याकाळी. त्याला नक्की जा. बुफेत दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठलीस तर ताट उचलून नेतात, म्हणून जागेवर पुस्तक ठेव.

ओळखी कर, पण केबिनचा नंबर कोणाला सांगू नकोस आणि कार्डाच्या पाकिटावरही तो लिहू नकोस. गप्पांत 'आम्ही' म्हटलंस तरी हरकत नाही. अमेरिकेच्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाजांना २०१० च्या कायद्याने केबिनच्या दाराला बाहेर बघायचं भिंग आणि डेकला किमान ४२ इंच उंच कठडा ठेवावा लागतो. भिंगातून बघितल्याशिवाय दार उघडू नकोस, आणि फोटोसाठी कठड्यावर बसणं नाही म्हणजे नाही. पेला टेबलावर सोडून गेलीस तर परतल्यावर दुसरा माग.

जहाजावर रोख चालत नाही, सगळं जहाजाच्या कार्डावर चढतं. खात्याला क्रेडिट कार्ड जोड. डेबिट कार्ड जोडलंस तर बँकेतली रक्कम आधीच अडकवून ठेवतात आणि ती सुटायला नंतर दिवस जातात. खातं एक दिवसाआड तपास, चुकीची नोंद वेळीच दाखवली तर लगेच निघते. फोन जहाज सुटायच्या आधी एअरप्लेन मोडवर टाक. भर समुद्रात तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं.

आता बंदरात उतरण्याचं. या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष दे. जहाज आपल्या घड्याळाने चालतं आणि ते किनाऱ्यावरच्या वेळेशी जुळेलच असं नाही. फोन मात्र किनारा लागताच तिथली वेळ आपोआप धरतो आणि तासभराची चूक होते. साधं मनगटी घड्याळ ने, ते जहाजाच्या वेळेला लाव आणि फक्त तेच बघ. परतायची वेळ म्हणून जी लिहिलेली असते ती जहाज सुटण्याच्या बहुधा अर्धा तास आधीची असते. तू स्वतः फिरायला गेलीस तर त्याच्याही एक तास आधी धक्क्यावर ये. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं किंवा तुला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी घेतं. स्वतंत्र गेलेल्यासाठी थांबत नाही. धक्का लांब असेल तर पहिल्या एक-दोन बंदरांत जहाजाचीच सहल घे, महाग पडली तरी.

काही ठिकाणी जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. तिथे शेवटच्या टेंडरची वेळ लक्षात ठेव, परतीला रांग लागते. लाटा मोठ्या असतील तर उतरणंच रद्द होतं, म्हणून अशा बंदरात आगाऊ पैसे भरून काही ठरवू नकोस.

उतरताना कार्ड स्कॅन होतं, त्यामुळे कोण परतलं नाही ते जहाजाला कळतं, पण तू कुठे गेलीस ते कळत नाही. म्हणून निघताना मला एका ओळीचा निरोप कर: कुठे, कोणाबरोबर, किती वाजता परत. कार्यक्रमपत्रिकेवर जहाजाच्या त्या बंदरातल्या एजंटाचा फोन असतो, त्याचा फोटो काढ. पासपोर्ट बरोबर न्यायचा का ते जहाजावर विचार. नको म्हणाले तर तिजोरीत ठेव आणि त्याची प्रत घेऊन उतर. जहाज चुकलंच तर आधी एजंट गाठ. कर्मचारी पुष्कळदा तिजोरीतला पासपोर्ट काढून त्याच्याकडे देऊन जातात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीच उचलून नेतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि कागद आधी बाजूला काढ, मग बॅग बंद कर. स्वतः सगळं उचलता येईल एवढंच सामान असेल तर बॅग बाहेर न ठेवता लवकर उतरायची सोय घे. परतीचं विमान दुपारनंतरचं ठरव. धुकं किंवा इमिग्रेशनची रांग यात दोन-तीन तास सहज जातात.

बुकिंग झालं की जहाजाचं नाव, केबिन नंबर, बुकिंग क्रमांक, विम्याच्या मदतकेंद्राचा फोन आणि पासपोर्टचा फोटो मला पाठव. केबिन पक्की करण्याआधी डेकचा नकाशा पाठवलास तर वर-खाली काय आहे ते मीही बघेन.

तुझी,
आई