पेपर मी वाचतो, तू वाचू नकोस

सोलापूर
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

काल फोनवर छोटीच्या खुनाच्या बातम्यांबद्दल तू म्हणालास, "टीव्ही बंदही करवत नाही आणि बघवतही नाही." तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही. फोन ठेवला आणि मग रात्रभर तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं, कारण ते मी आधी ऐकलेलं आहे, आमच्याच घरात.

दादा कसा गेला ते तुला माहीत आहे. पण त्याच्या बातमीने आमचं काय केलं, हे मी तुलाही कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. दादा कुर्ल्याला वर्कशॉपमध्ये फिटर होता. चार दिवसांची रजा टाकून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघणार होता. दादरला गाडी पकडणं त्याला सोयीचं होतं, पण जनरलच्या डब्यात खिडकी मिळावी म्हणून तो कायम उलटा सीएसटीला जायचा, चांगला तासभर आधी. साडेनऊला त्याचा फोन आला, "गाडी लागली नाही अजून. हॉलमध्ये बसलोय. आईला सांग, सकाळी चहाला पोचतो."

दहाच्या सुमाराला टीव्हीवर खाली पट्टी सरकू लागली. सीएसटीवर गोळीबार. आधी टोळीयुद्ध म्हणत होते. दादाचा फोन लागत नव्हता. मग आकडे यायला लागले, आणि मध्यरात्रीनंतर सगळे कॅमेरे ताजकडे वळले. सुध्या, त्या रात्री एका जागी सगळ्यात जास्त माणसं मेली ती सीएसटीवर, ५८. पण पडद्यावर तीन दिवस ताजचा घुमट आणि धूर. आई सारखी विचारायची, "स्टेशन का दाखवेनात?" आणि स्टेशन दाखवलं की तोंड फिरवायची. बंद करू का म्हटलं तर रिमोट माझ्या हातातून काढून घ्यायची. तुझं कालचं वाक्य मी ऐकलं ते तिच्याकडून. तेव्हा तुला काही झालेलं नाही. आपलं माणूस ज्यात आहे तिकडे डोळे जातातच.

मामांना दादा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, तिसऱ्या हॉस्पिटलमध्ये.

नंतर वार्ताहर आले. आईने त्यांना आधी पाणी दिलं, "उन्हातनं आलायसा, बसा." त्यातल्या एकाने माइक पुढे केला आणि विचारलं, आता तुम्हाला कसं वाटतंय? आई नुसती बघत राहिली. टीव्हीवर ते बघत राहणं तेवढं दाखवलं. पाणी दिलेलं कापलं. पेपरात दादाचं वय ३२ छापून आलं. तो २९ वर्षांचा होता. आईने त्या तीन वर्षांचा इतका ध्यास घेतला की पुढे कितीतरी दिवस येईल त्याला विचारायची, "ही तीन वर्षं कुठनं आणली त्यांनी? माझ्या लेकाला मिळाली असती तर?" मला तेव्हा वाटायचं, एवढ्या मोठ्या दुःखात आई एका आकड्याला का धरून बसली आहे. आता वाटतं, तेवढी एकच गोष्ट तिला दुरुस्त करता येण्यासारखी होती, आणि तीही कुणी करून दिली नाही.

मारणाऱ्याचा फोटो मात्र देशातल्या प्रत्येक पोराला पाठ झाला. पाठीवर सॅक, हातात बंदूक. दादा कसा दिसायचा ते आमच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नाही.

तुझ्याकडे आता तसंच चाललंय, किंबहुना जास्त वाईट. तू पाठवलेली ती कात्रणं मी वाचली. "चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून." हे शब्द छापून छापून इतके गुळगुळीत झालेत की लिहिणाऱ्याच्या हाताला टोचतसुद्धा नाहीत. पण बघ ना, संशय त्याचा. खून त्याने केला. आणि मथळ्यात चारित्र्य कुणाचं? छोटीचं, आपल्या बहिणीचं. पकडल्यावर आरोपी पोलिसांपुढे जे सांगतो तेच वार्ताहराच्या हाती लागतं आणि दुसऱ्या दिवशी तेच खुनाचं कारण म्हणून छापतात. तिची बाजू सांगायला ती नाही. मला याचा इतका राग आला आहे की दोनदा पत्र लिहायचं थांबलो. आणि तो फोटो! लग्नातला फोटो अर्धा कापून छापलाय, आणि तिच्या खांद्यावर त्याची बोटं तशीच राहिली आहेत. काकूंनी तो पेपर बघितला नसेल एवढीच प्रार्थना.

आता आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांबद्दल सांगतो. दादाचा दहावा झाल्यावर ते वर आले आणि म्हणाले, "उद्यापासून तुमचा पेपर माझ्याकडे टाकायला सांगितलंय." केबलची वायरही त्यांनीच काढली. रोज पेपर ते वाचायचे, आमच्या कामाचं असेल ते कापून जुन्या खतावणीत चिकटवायचे आणि संध्याकाळी वर येऊन दोन वाक्यांत सांगायचे: आर्थर रोडला खटला सुरू झाला. भरपाईच्या अर्जाला अमुक दाखला लागेल. ६ मे २०१० ला फाशी सुनावली तेही त्यांनीच सांगितलं, आईचा हात धरून. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्यात फाशी दिली, तेव्हा प्रतिक्रिया मागायला फोन आले, तेही काकांनी घेतले. ती खतावणी त्यानंतर त्यांनी मला दिली. चार वर्षांची बातमी, एका वहीत, बंद करून ठेवता येईल अशी.

तरी मला एक रोग लागलाच होता. सीएसटीच्या सीसीटीव्हीचं ते चित्रण दर नोव्हेंबरला लावतात. त्यात कोपऱ्यात एक चौकड्याच्या शर्टाचा माणूस धावताना दिसतो. तो दादाच, असं मी ठरवलं होतं. रात्री सगळे झोपले की मोबाईलवर लावायचो, थांबवायचो, पुन्हा लावायचो. किती महिने कुणास ठाऊक. शेवटी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून एकदाच बघितलं आणि म्हणाले, "याच्या पायात चपला आहेत. दादा वर्कशॉपचे बूट घालायचा." मी इतक्या वेळा बघून पाय बघितलेच नव्हते. त्या रात्री ढसाढसा रडलो, आणि मग झोपलो. तू म्हणालास की तू त्या कॉलनीच्या गेटचं चित्रण पुन्हा पुन्हा बघतोस. एकटा बघू नकोस. बघायचंच असेल तर मी शेजारी बसतो.

एक व्यवहाराचं सांगतो, कारण यातून आम्ही गेलोय. बातमी आता थंड होईल, पण पुन्हा पेटेल. आरोपी कोठडीत आहे, तेव्हा खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र द्यावं लागतं, नाहीतर तो जामीन मागू शकतो. तेव्हा एकदा येईल. मग साक्षी सुरू झाल्या की, मग निकालाला. आम्हाला तर एप्रिल २०२५ मध्ये, त्या हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून आणलं तेव्हा, सोळा वर्षं उलटून गेली असतानाही सगळं पुन्हा बघावं लागलं. माझ्या लेकीने विचारलं, "यात आपला दादाकाका कुठाय?" या तारखा आधी माहीत असल्या की निदान अंगावर येत नाहीत.

आणि कॅमेऱ्यापुढे घटनेबद्दल काही बोलू नकोस. तू साक्षीदार होणार आहेस. टीव्हीवर रागात बोललेला शब्द उलटतपासणीत समोरचा वकील काढू शकतो. तपास चालू असताना घटनेची नाट्यं रचू नका, संभाव्य साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नका, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्यांना बजावलंय. दारात आलेल्याला एवढंच सांग, की जे सांगायचं ते कोर्टात सांगू. काकूंना पुढे येऊ देऊ नकोस. त्या पाणी द्यायला येतील, माझ्या आईसारख्याच.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, रविवारी सकाळी तुझ्याकडे. आठ दिवस राहीन. तुमच्या पेपरवाल्याचा नंबर पाठव, मी त्याच्याशी बोलतो. कोरी वही घेतली आहे. मी परत आल्यावरही ऑनलाइन पेपर इथून वाचेन आणि रोज संध्याकाळी तुला फोन करेन. सांगण्यासारखं नसेल तेव्हा जेवलास का एवढंच विचारेन.

कपाटात तो हॉस्टेलचा फोटो सापडला. राखीपौर्णिमेचा. छोटी एसटीने एकटी आली होती, तुला बांधून झाल्यावर मलाही बांधली आणि दोघांकडून दहा-दहा रुपये घेतल्याशिवाय लाडू काढला नव्हता. फोटोत तिच्या मुठीत त्या नोटा आहेत आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. तिच्या आजूबाजूला फक्त आपण दोघं. मोठा करून घेतलाय. कुणाला छापायलाच द्यायचा झाला तर हा देऊ, नाहीतर काकूंजवळ राहील.

तुझा,
नाना